किसुमूला मुलांना शिकवायला जायचंय. घरच्यांची काळजी आणि माझे प्रश्न

मार्कंडेय_काठ
नमस्कार मंडळी. मी बेळगावची. डी.एड. झालंय, शहरालगतच्या एका मराठी प्राथमिक शाळेत पहिली-दुसरीला शिकवते. केनियात व्हिक्टोरिया सरोवराच्या काठी किसुमू नावाचं शहर आहे. तिथल्या एका संस्थेनं लहान मुलांच्या वाचनवर्गासाठी स्वयंसेवक म्हणून मला बोलावलंय. उन्हाळ्याची सुट्टी आणि पुढे थोडी बिनपगारी रजा, असे तीनेक महिने जाता येईल. पगार नाही, राहण्या-जेवणाची सोय ते करणार, तिकीट माझं.

घरी सांगितलं त्या दिवसापासून आईची झोप उडालीय. बाबा विरोध करत नाहीत, पण रोज रात्री मोबाइलवर केनियाच्या बातम्या वाचत बसतात. जून २०२४ मध्ये नैरोबीत आंदोलक संसदेत घुसले होते, तो व्हिडिओ त्यांनी आईला दाखवला. तेव्हापासून घरात दुसरा विषय नाही.

भीती मलाही वाटते. एकटीनं मी फार तर पुण्यापर्यंत गेलेय. पण अक्षरं जुळवता जुळवता मुलाला पहिल्यांदा अख्खा शब्द वाचता येतो, त्या क्षणासाठी मी हे काम धरलंय, आणि दुसऱ्या देशातल्या वर्गात ते कसं घडतं हे मला बघायचंय.

यातली कुठली काळजी खरी आणि कुठली नुसती ऐकीव? मुलांसोबत काम करायला कुणी परदेशी जाऊन आलंय का? हो म्हणण्याआधी संस्थेला काय काय विचारू?

कुंदाप्रेमी
लई भारी! पहिलं अभिनंदन घे. जाताना कुंद्याचा डबा न्यायला विसरू नको. बाकीचं जाणकार सांगतीलच, मी बसलोय वाचत.

आजी_तिलकवाडी
बाळ, तुझ्या आईची बाजू मांडते. माझी मुलगी नर्स होऊन मस्कतला गेली तेव्हा व्हॉट्सॲप नव्हतं. पत्राला पंधरा-पंधरा दिवस लागायचे. आईला धोक्यापेक्षा न कळणं जास्त सोसत नाही. तू कुठे राहणार, सोबत कोण, खोलीला कडी आतून आहे का, जेवण कोण करणार, हे तिला एकेक करून सांग. "काही होत नाही गं आई" असं म्हणू नकोस, त्यानं कुणाचीच काळजी मिटत नाही.

खानापूर_रान
मला हे पटत नाही, आणि कुणी राग मानला तरी लिहितो. दिवाळी झाली की अथणी, चिकोडी, रायबागकडच्या साखर कारखान्यांवर ऊसतोड टोळ्या उतरतात. बीडकडची माणसं, विजयपूरकडची माणसं. पोरं पाचटात झोपतात, मार्चपर्यंत शाळेचं तोंड बघत नाहीत. निपाणीत आई विड्या वळते आणि तिची लेक धाकट्याला सांभाळत घरी राहते. सौंदत्तीला देवदासींच्या मुलांचे प्रश्न आहेत. १९८२ चा देवदासीबंदीचा कायदा झाला म्हणून ते संपले नाहीत. ही सगळी पोरं बसनं काही तासांवर आहेत. तिकिटाच्या पैशांत एका टोळीवर अख्खा हंगाम वर्ग चालेल. मग विमानात बसून आफ्रिकेला कशासाठी?

मार्कंडेय_काठ
@आजी, आजच आईसोबत बसून यादी करते. कडीचा प्रश्न तिनंही विचारला होता!

@खानापूर_रान, राग नाही. गेल्या हंगामात शनिवार-रविवारी मी एका टोळीवर जात होते, त्यामुळे तुम्ही लिहिलेलं चित्र ओळखीचं आहे. पण वाचन शिकवायची जी पद्धत ती संस्था वापरते, ती मला तिथल्या शिक्षिकांच्या शेजारी उभं राहून बघायचीय. एका वर्गात तीन भाषांची मुलं असतात. घरी लुओ, रस्त्यावर स्वाहिली, पुस्तकात इंग्रजी. आपल्याकडे घरी मराठी, बाजारात कन्नड आणि फळ्यावर तिसरंच असलेल्या मुलाची अडचण फार वेगळी नाही.

दुबईहून_चिकोडी
माझा एकच मुद्दा, तो पाठ करून ठेव. पासपोर्ट कुणाच्याही हातात ठेवायला द्यायचा नाही. "ऑफिसच्या कपाटात सुरक्षित राहील", "नोंदणीसाठी आठवडाभर लागेल", असलं काहीही सांगितलं तरी नाही. दाखवायचा, झेरॉक्स द्यायची, परत घ्यायचा. गाठीला परतीच्या तिकिटाचे स्वतःचे पैसे हवेत. आखातात आमच्या गावची पोरं अडकली ती याच दोन गोष्टींपायी.

नैरोबीत_सध्या
मी मूळचा नंदगडचा, नोकरीमुळे सध्या नैरोबीत. इथल्या बऱ्याच गोष्टी भारतात बसून वाटतात तशा नाहीत.

बाबांना सांग, नैरोबी ते किसुमू रस्त्यानं साधारण साडेतीनशे किलोमीटर आहे. नैरोबीतला प्रत्येक व्हिडिओ किसुमूचा नसतो. पण किसुमू अगदी शांत असतं असंही मी म्हणणार नाही. तो विरोधी पक्षाचा बालेकिल्ला राहिलाय. २००७ ची निवडणूक झाली तेव्हा तिथं मोठा हिंसाचार झाला, २०१७ लाही झाला. पुढची सार्वत्रिक निवडणूक ऑगस्ट २०२७ मध्ये आहे, त्या सुमारास येऊ नकोस. जून-जुलैही बघून ठरव. २५ जूनला २०२४ च्या आंदोलनाचा स्मरणदिन पाळतात, ७ जुलैलाही मोर्चे निघतात, आणि २०२५ मध्ये या दोन्ही दिवशी माणसं मेली. तेवढे दिवस घरात काढायचे, इथले लोकही तेच करतात.

रोजचा धोका मात्र मोर्च्यांचा नाही, रस्त्याचा आहे. मोटरसायकलच्या टॅक्सीला इथं बोडा-बोडा म्हणतात. हेल्मेट नसतं, एका गाडीवर तिघं-चौघं बसतात. मटाटू म्हणजे आपल्याकडची वडाप, प्रवासी भरून नेणारी खासगी गाडी, तीही सुसाट. अंधार पडल्यावर शहराबाहेरचा प्रवास नको. मोबाइल हातात धरून रस्त्यानं चालू नकोस, खेचून नेतात.

आणि खानापूरवाले, "आफ्रिका" हा एक देश नाही. माझ्या शेजारच्या केनियन बाई मी आजारी होतो तेव्हा रोज डबा देत होत्या. इथले लोक परक्याची काळजी घेतात.

खानापूर_रान
आफ्रिका शब्द सरसकट वापरला, पुढं केनिया म्हणेन. माझा प्रश्न मात्र उभाच आहे.

कुंदाप्रेमी
@नैरोबीत_सध्या, जेवणाचं काय ते सांगा की! पोरगी तीन महिने खाणार काय?

नैरोबीत_सध्या
उपाशी राहणार नाही. मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा, उगाली, हे मुख्य जेवण. सोबत सुकुमा विकी नावाची पालेभाजी. चपाती आणि चहा तर केनियन घराघरांत असतो. मोंबासाहून व्हिक्टोरिया सरोवरापर्यंतची रेल्वे १८९६ ते १९०१ या काळात इंग्रजांनी हिंदुस्थानातून मजूर आणून बांधून घेतली. तीस हजारांवर माणसं आली होती, अडीच हजारांच्या आसपास कामावर दगावली. ती लाइन संपते तेच किसुमू. आजही तिथं गुजराती आणि शीख कुटुंबं आहेत, देवळं आहेत, गुरुद्वारा आहे, डाळ-तांदूळ-मसाले मिळतात. उगालीला आपल्या झुणक्यासोबत खाऊन बघ, मस्त लागते.

कुंदाप्रेमी
उगाली-झुणका! आता मलाच जायला पाहिजे. मुलांना शिकवायला नाही, जेवायला.

शहापूरचा_डॉक्टर
आरोग्याचं जरा सविस्तर लिहितो, कारण इथं ऐकीव माहितीवर लोक फसतात.

यलो फीव्हर: केनियातून भारतात परतताना या लशीचं प्रमाणपत्र लागतं. ते नसेल तर विमानतळावर सहा दिवसांपर्यंत विलग ठेवू शकतात. लस फक्त सरकारमान्य केंद्रांवर मिळते, गावातल्या दवाखान्यात नाही. तुला जवळचं केंद्र कुठलं ते आधी शोधून ठेव. घेतल्यानंतर दहा दिवसांनी प्रमाणपत्र ग्राह्य होतं, आणि २०१६ पासून ते आयुष्यभर चालतं. म्हणून तिकिटाच्या आदल्या आठवड्यावर ढकलू नकोस.

मलेरिया: तुझ्यासाठी आजारातला खरा धोका हाच. नैरोबी उंचावर आहे, तिथं मलेरिया फार कमी. किसुमूच्या सरोवरकाठच्या पट्ट्यात वर्षभर असतो, आणि तो मेंदूपर्यंत जाणारा फाल्सिपेरम जातीचा. प्रतिबंधक गोळ्या जाण्याआधी सुरू करायच्या आणि परतल्यावरही चालू ठेवायच्या असतात. कुठली गोळी किती दिवस हे तुझ्या डॉक्टरांकडून ठरवून घे. डॉक्सिसायक्लिन परतल्यानंतर चार आठवडे घ्यावी लागते, बरेच जण घरी आल्यावर ती सोडून देतात. औषध लावलेली मच्छरदाणी रोज, आणि संध्याकाळी लांब बाह्यांचे कपडे.

परत आल्यावर काही महिने कधीही ताप आला तर दारातच सांगायचं की केनियाला जाऊन आलेय. आपल्याकडे पावसाळ्यात ताप म्हटलं की डेंगी आणि टायफॉइड डोळ्यांसमोर येतात. तू सांगितलं नाहीस तर तपासणीत एक दिवस जाऊ शकतो, आणि फाल्सिपेरममध्ये एक दिवस फार असतो.

सरोवराच्या काठच्या उथळ पाण्यात उतरू नकोस. गोगलगायीतून पसरणारा बिलहार्झिया नावाचा परजीवी तिथं आहे आणि तो कातडीतून आत जातो. मुलं पाण्यात खेळतील, तुलाही बोलावतील, काठावर बस. टायफॉइड आणि हिपॅटायटिस-एची लस घे. कुत्रा चावला तर जखम साबणानं पंधरा मिनिटं धुऊन त्याच दिवशी रेबीजचं इंजेक्शन. हे इंजेक्शन किसुमूत कुठे मिळतं ते जाण्याआधी विचारून ठेव.

प्रवास विमा काढताना त्यात रुग्णाला दुसऱ्या शहरात हलवण्याचा खर्च आहे का, ते वाच.

मार्कंडेय_काठ
डॉक्टर, मनापासून आभार. प्रतिसाद बाबांना वाचून दाखवला. ते वही घेऊन बसलेत.

मलप्रभा
बेळगाव आणि बागलकोट जिल्ह्यांत बालगृहांच्या तपासणीशी माझा बरीच वर्षं संबंध होता. इथं सगळे मुलीच्या सुरक्षेबद्दल लिहितायत, ते योग्यच आहे. पण ज्या मुलांसाठी ती जातेय, त्यांच्या सुरक्षेचा कुणी उल्लेखही केला नाही. माझा अनुभव असा की हे दोन प्रश्न एकमेकांपासून सुटे करता येत नाहीत.

आधी हे सांग: ही दिवसाची शाळा आहे की मुलं तिथंच राहतात? अनाथाश्रम असेल तर जाऊ नकोस, संस्था कितीही चांगली वाटो. नेपाळ आणि कंबोडियात हे उघडकीला आलं की "अनाथ" म्हणून दाखवलेल्या बहुतेक मुलांचे आई किंवा वडील, कित्येकदा दोघंही, जिवंत असतात. शिक्षणाच्या आमिषानं दलाल मुलांना खेड्यातून आणतात, कारण परदेशी पाहुणे आणि देणग्या येतात. पाहुणे जितके जास्त, तितकी मुलांची मागणी जास्त. २०१५ च्या भूकंपानंतर नेपाळ सरकारला परदेशी दत्तक थांबवावं लागलं आणि मुलांना परवानगीशिवाय जिल्ह्याबाहेर नेण्यावर बंदी घालावी लागली. ऑस्ट्रेलियानं २०१८ च्या गुलामगिरीविरोधी कायद्याच्या वेळी अनाथाश्रमांसाठी होणारा मुलांचा व्यापार हा गुलामगिरीचाच प्रकार मानला. २०१९ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेनं अनाथाश्रमातल्या स्वयंसेवेमुळे होणाऱ्या नुकसानीबद्दल ठराव केला. खुद्द केनियानं २०१७ पासून नवीन बालगृहांची नोंदणी थांबवली, आणि २०२२ ते २०३२ असा दहा वर्षांचा आराखडा केलाय, मुलांना संस्थांतून कुटुंबात परत नेण्याचा. त्या प्रयत्नाच्या विरुद्ध बाजूला आपण उभं राहू नये.

दिवसाची शाळा असेल तर पुढचा प्रश्न. तू मुलांसोबत काम करायला योग्य आहेस की नाही, हे त्यांनी तपासलं का? पोलिसांचं ना-हरकत प्रमाणपत्र मागितलं? पूर्वीच्या मुख्याध्यापकांना फोन केला? मुलाखत घेतली? बालसंरक्षणाची लेखी नियमावली वाचायला देऊन सही घेतली? की नुसतंच "कधीही या, स्वागत आहे" म्हणाले?

यातलं काहीच विचारलं नसेल तर समज, तुझ्याआधी आलेल्या कुणालाही विचारलेलं नाही. तुझ्या शेजारच्या खोलीत राहणाऱ्या पुरुषालाही नाही. जी संस्था दारात मुलांसाठी चाळणी लावत नाही, तिनं तुझ्यासाठीही लावलेली नसते. म्हणून आईला धीर देणारी उत्तरं तुला इथंच सापडतील.

आणि तिथं गेल्यावर तू कशी वागायचंस तेही. मुलासोबत बंद खोलीत एकटी नाही, दार उघडं किंवा दुसरी मोठी व्यक्ती सोबत. शौचाला न्यायचं काम तिथल्या कर्मचाऱ्यांचं. एकाच मुलाला भेट नाही. मुलांचे फोटो स्टेटसला नाहीत, कितीही गोड असले तरी. मोठ्या मुलांना स्वतःचा नंबर नाही. तुला एखाद्या मुलाबाबत शंका आली तर कुणाला सांगायचं, त्या व्यक्तीचं नाव पहिल्याच दिवशी माहीत हवं. आपल्याकडे पॉक्सो या बाललैंगिक अत्याचारांविरुद्धच्या कायद्याखाली, २०१२ पासून, माहिती असून न कळवणं हाच गुन्हा आहे, आणि मुलांसाठी १०९८ नंबर आहे. केनियात मुलांसाठीचा नंबर ११६.

शेवटचं. तीन महिन्यांत मुलं जीव लावतात आणि मग तू निघून येतेस. त्यामुळे मुलांची मुख्य ताई तिथलीच शिक्षिका असू दे, तू तिच्या बाजूला राहा.

आजी_तिलकवाडी
मलप्रभाताई, हे मला कधीच सुचलं नसतं. मुली, याची प्रिंट काढून ठेव.

खानापूर_रान
मलप्रभांचा प्रतिसाद दोनदा वाचला. यातला प्रत्येक प्रश्न आमच्या टोळीवरच्या वर्गालाही लागू होतो. आम्ही शिकवायला येणाऱ्या कॉलेजच्या पोरांना आजवर असलं काही विचारलेलं नाही. येत्या हंगामापासून विचारू. नियमावलीचा मराठी किंवा कन्नड नमुना मिळेल का?

मलप्रभा
@खानापूर_रान, कन्नडमधला आहे. मराठी करून देते, आठवडाभर द्या.

निपाणी_नाका
मी गेले होते, नेपाळला. ललितपूरमधल्या एका शाळेत शिक्षिकांसोबत गणिताचं साहित्य बनवायचं काम होतं. सप्टेंबर २०२५ मध्ये तिथं जे झालं, त्या वेळी मी तिथंच होते.

४ सप्टेंबरला सरकारनं फेसबुक, व्हॉट्सॲप धरून नोंदणी न केलेली सव्वीस समाजमाध्यमं बंद केली. तोवर आमचं घरचं सगळं बोलणं व्हॉट्सॲपवर. आई निपाणीत बसून फोन लावतेय आणि नुसतं गोल गोल फिरतंय. ८ तारखेला तरुणांच्या मोर्च्यावर गोळीबार झाला, ९ तारखेला संसद पेटली, पंतप्रधानांनी राजीनामा दिला, विमानतळ बंद, मग संचारबंदी. खिडकीतून धुराचे लोट दिसत होते. मी खूप घाबरले होते. हात थरथरत होते, जेवण जात नव्हतं.

त्यातून तरून गेले ते संस्थेनं आधी ठरवून ठेवलेल्या गोष्टींमुळे. ओळखीच्या सत्रात त्यांनी आमच्याकडून एक कागद भरून घेतला होता: नेहमीचा संपर्क तुटला तर दुसरा कोणता, तिसरा कोणता. वायबर या मेसेजिंग ॲपनं नेपाळमध्ये नोंदणी केलेली असल्यामुळे ते चालू राहिलं, आणि साधा फोन तर चालूच होता. आईच्या मोबाइलमध्ये वायबर भरलेलं होतं, भावानं तासाभरात तिला शिकवलं. समन्वयक बाई रोज सकाळी ठरलेल्या वेळी प्रत्येकीला फोन करायच्या. डाळ-तांदूळ, मेणबत्त्या, रोख पैसे खोलीवर आधीपासून होते.

मला शाळेत जाऊन मुलांसोबत असावंसं वाटत होतं. बाईंनी स्पष्ट नाही म्हणून सांगितलं. मुलं आपापल्या घरी आहेत, वस्तीतल्या शिक्षिका त्यांची चौकशी करतायत, तू बाहेर पडलीस तर त्यांना तुझी आणखी एक जबाबदारी. तेव्हा वाईट वाटलं, पण त्यांचं बरोबर होतं. शाळा उघडल्यावर पहिले काही दिवस आम्ही गणित घेतलंच नाही. मुलं रणगाडे आणि आगीची चित्रं काढत होती. तिथल्या शिक्षिका नेवारी आणि नेपाळीत त्यांच्याशी बोलत होत्या, मी रंग पुरवत होते.

भीतीसाठी मला दोन गोष्टींनी मदत केली. बातम्या दिवसातून दोनदाच बघायच्या, आणि रात्री झोपण्याआधी शेजारच्या खोलीतल्या मुलीसोबत चहा. एकटीनं मोबाइल बघत राहिलं की मन काहीही रंगवतं.

मार्कंडेय_काठ
निपाणी_नाका, हे आईला वाचून दाखवताना मीच मध्ये थांबले. आईनं विचारलंय की एवढं झाल्यावर तुझ्या आईनं तुला परत ये म्हणून सांगितलं नाही का?

निपाणी_नाका
सांगितलं तर! रोज सांगत होती. विमानतळ उघडल्यावर मी ठरवायचं होतं. शाळा सुरू होणार होती आणि समन्वयक बाईंवर माझा विश्वास बसला होता, म्हणून थांबले. तो विश्वास नसता तर पहिल्या विमानानं आले असते, आणि त्यात काही कमीपणा नव्हता.

सुभेदार_नि
जय शिवराय. मराठा लाइट इन्फंट्रीतून निवृत्त, गाव कडोली. शांतिसेनेत काँगोला होतो, गोमाच्या बाजूला. केनिया म्हणजे काँगो नव्हे, तिथं तुला फौज लागणार नाही. पण काही सवयी सगळीकडं उपयोगी पडतात.

नंबर कागदावर लिहून जवळ ठेव. मोबाइल चोरीला गेला की एकाचाही नंबर तोंडपाठ नसतोय. त्यात नैरोबीतल्या भारतीय उच्चायुक्तालयाचा नंबर पाहिजे, आणि पोचल्या पोचल्या तिथं नाव नोंदव. अडचण आली तर परराष्ट्र खात्याचं मदद पोर्टल आहे, घरच्यांनाही ते उघडायला शिकवून ठेव.

घरी फोनची वेळ ठरव. केनिया आपल्यापेक्षा अडीच तास मागं आहे, हे आईच्या घड्याळाजवळ लिहून लाव. एखादा फोन चुकला तर घाबरायचं नाही, पण किती तासांनी कुणाला फोन करायचा हे आधीच ठरलेलं पाहिजे. असं ठरलं की घरचा माणूस रात्रभर जागत नाही.

दाराजवळ एक पिशवी तयार ठेव. पासपोर्ट, झेरॉक्स, थोडे डॉलर, औषधं, चार्जर, एक जोडी कपडे. किसुमूतून बाहेर पडायचे दोन रस्ते माहीत करून घे, विमानाचा आणि गाडीचा. आणि कुठंही जाताना एका माणसाला सांगून जायचं.

भीतीचं म्हणशील तर नवीन पोरांना पहिल्या रात्री झोप लागायची नाही. मी त्यांना ओरडत नव्हतो. काहीतरी काम द्यायचो, भांडी मोज, बॅटऱ्या तपास. हाताला काम लागलं की पोरगं शांत व्हायचं. तुझ्याकडं तर वाचनाचे तक्ते आहेत.

कुंदाप्रेमी
सुभेदारसाहेब, सलाम. तुमची पिशवीची यादी मी आमच्या गणेशोत्सव मंडळाच्या सहलीला लावणार आहे. मागच्या वेळी दूधसागरला तिघांचे मोबाइल पाण्यात गेले आणि घरचा नंबर एकालाही सांगता येईना.

नवा_गडी_उचगाव
पहिल्यांदाच लिहितोय. माझी बहीणही असंच कुठंतरी जायचं म्हणते. तिच्या संस्थेनं मोठी फी मागितलीय आणि तीन देशांपैकी कुठलाही निवडा म्हणतात. हे बरोबर आहे का?

मलप्रभा
@नवा_गडी, फी घेतात म्हणजे खोटेच असं नाही. राहण्याचा खर्च असतोच. फीचा हिशेब मागा, त्यातलं शाळेकडे काय जातं ते विचारा. पण कुठलाही देश, कुठलंही काम, कधीही या, असं असेल तर तिथं गिऱ्हाईक शोधतायत, शिक्षक नाही. बहिणीला हा धागा वाचायला दे.

नैरोबीत_सध्या
मूळ प्रश्नातलं एक राहिलं. जानेवारी २०२४ पासून केनियाला व्हिसाऐवजी ऑनलाइन ई-टीए, म्हणजे प्रवासाचा आगाऊ परवाना, काढावा लागतो. फिरायला येणाऱ्याला तो पुरतो. काम करायचं, मग ते बिनपगारी का असेना, तर वेगळा परवाना लागतो, आणि त्यासाठी संस्थेनं अर्ज करायचा असतो. "पर्यटक म्हणूनच या, कुणी विचारत नाही" असं म्हणाले तर नको. उद्या काही बिनसलं तर बेकायदा काम करणारी म्हणून तूच अडचणीत येशील आणि पोलिसांकडे जायलाही कचरशील.

मार्कंडेय_काठ
मंडळी, उशिरा लिहितेय. तुमच्या सगळ्यांच्या प्रश्नांची यादी करून संस्थेला पाठवली होती. काल व्हिडिओवर सविस्तर बोलणं झालं, आई-बाबा शेजारी बसले होते.

दिवसाची शाळा आहे, मुलं संध्याकाळी घरी जातात. माझ्या मुख्याध्यापकांना त्यांनी फोन केला होता, मला माहीतच नव्हतं! पोलिस प्रमाणपत्राशिवाय वर्गात येता येणार नाही असं त्यांनी आपणहून सांगितलं, तो अर्ज पासपोर्ट सेवाच्या साइटवर आजच भरला. नियमावली आलीय. मलप्रभाताई, फोटोबद्दल तुम्ही लिहिलंत तेच त्यात आहे. परवान्याचा अर्ज ते करणार. मुलांना शिकवणाऱ्या दोन्ही शिक्षिका तिथल्याच, मी त्यांच्या हाताखाली. २५ जूनच्या आधी परतायचं असं ठरवतेय. राहायला एका निवृत्त शिक्षिकेच्या घरी खोली, आणि हो, कडी आतून आहे. आईनं व्हिडिओवर बघितली.

@खानापूर_रान, नोव्हेंबरपासून टोळीवर मी येणार. तिथल्या शिक्षिकांकडून जे शिकेन ते आधी तुमच्या वर्गात वापरून बघू, चालेल?

एक उत्तर मात्र मनासारखं नाही. खोलीपासून शाळा चार किलोमीटर. येण्या-जाण्याचं काय विचारलं तर म्हणाले, सगळे बोडा-बोडानं येतात, काही होत नाही.

खानापूर_रान
चालेल काय, पळेल. नमुना नियमावली आली की आमच्याकडूनही तुझी सही घेतली जाईल, लक्षात ठेव.

शहापूरचा_डॉक्टर
बोडा-बोडाला माझं ठाम नाही. परदेशी गेलेल्या तरुणांच्या मृत्यूत रस्ता अपघात हे मोठं कारण असतं. किसुमूत तुझ्यासाठी मलेरिया आणि दुचाकी, या दोनच गोष्टींना मी घाबरेन, आणि दोन्ही टाळता येतात.

नैरोबीत_सध्या
ओळखीचा रिक्षावाला महिन्याच्या बोलीवर ठरवता येतो. किसुमूत तीन चाकी टुकटुक भरपूर आहेत. शिक्षिका कुणाची रिक्षा वापरतात ते विचार, त्याच माणसाला धर. खर्च संस्थेनं करावा, नाहीतर चालत जाण्याच्या अंतरावर खोली द्यावी.

निपाणी_नाका
माझी आई तुझ्या आईशी फोनवर बोलायला तयार आहे. नंबर व्यनिमध्ये (खासगी निरोपात) पाठवलाय, संध्याकाळी सातनंतर फोन करा म्हणाव्या.

मार्कंडेय_काठ
रिक्षाचं त्यांना आजच लिहिते. आईनं नंबर घेतलाय, सात वाजायची वाट बघतेय.

सुभेदार_नि
रिक्षाचं उत्तर लेखी घे. ते येईपर्यंत तिकीट काढू नकोस. यलो फीव्हरची लस मात्र घेऊन टाक, ती वाया जात नाही.